पाव फेरा जास्त

भंगाराच्या ढिगातून तिने बाबागाडीचा दांडा धरून ओढला, पण गाडी जागची हलेना. तिने आणखी जोर लावला. तर गाडीनेही उलट जोर लावला... आणि ढिगाच्या पलीकडून आवाज आला, "सोडा हो, मी आधी धरली आहे."

"मला आधी दिसली होती."

"दिसणं आणि धरणं यात फरक असतो की नाही?"

ढिगावरून एक डोकं वर आलं. केसांत गंजाचा चुरा, गालावर काळा पट्टा, आणि डोळे असे, की स्वारी भांडायला आली आहे की थट्टा करायला, याचा पत्ता लागू नये. त्या डोळ्यांकडे ती गरजेपेक्षा अंमळ जास्तच वेळ पाहत राहिली. मग ओळख पटली आणि तिचा चेहरा उतरला. हा तर पाना!

शर्टांच्या कारखान्यात तो शिलाईयंत्रं दुरुस्त करायचा. मागच्या खिशातून कायम एक पाना डोकावायचा, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणत. ती शेवटच्या टेबलावरची चेकर. कॉलर, खांदे, बाह्या, कफ, घेर, अशा ठरल्या क्रमाने शर्ट तपासायचा आणि चूक दिसली की तिथे लाल बाणाची चिकटपट्टी लावायची, हे तिचं काम. त्यामुळे तिचंही बारसं झालं होतं, लालबाण. एकदा तिने एकशे चाळीस शर्टांचा अख्खा गठ्ठा बाण लावून परत पाठवला होता, आणि त्या दिवशी पान्याने सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली होती.

"लालबाण!" त्यानेही ओळखलं. "एकशे चाळीस शर्ट. मी विसरलेलो नाही."

"टाके सुटले होते."

"सुटले होते ना," तो म्हणाला. "म्हणून तर राग जास्त आला."

तराजूमागे बसलेली भंगारवाली मावशी आतापर्यंत गंमत बघत होती. ती तिथूनच ओरडली, "लग्न नाही, कार्य नाही, आणि पोराच्या गाडीवरून भांडण! अगं बाई, काय जमाना आलाय!"

दोघांनीही एकदम हात काढले. गाडी धाडकन खाली पडली.

कारखान्याला कुलूप लागून आठ महिने झाले होते. एकटा कारखाना बंद झाला असता तर गोष्ट वेगळी. पण त्याच्यामागोमाग डबेवाले, धुलाईवाले, दोऱ्याचा दुकानदार, एकेक करून सगळेच बसले. तिच्या गल्लीत अकरा दारांना बाहेरून कुलपं होती. माणसं सामान बांधायची, शेजाऱ्यांचा निरोप घ्यायची आणि पुन्हा दिसायची नाहीत.

तिला कुठे जायची सोय नव्हती. घरी बाबा होते. उभा जन्म त्यांनी ट्रक चालवला आणि दोन वर्षांपूर्वी कमरेखालचं अंग गेलं. तरी चाकांच्या खुर्चीत बसून ते दारापर्यंत यायचे, रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला नावं ठेवायचे, आणि दिवस बरा जायचा. मग खुर्चीची पुढची दोन्ही छोटी चाकं तडकली. ती बनवणारे म्हणे आता नाहीत. दुकानदार म्हणाला, नवी खुर्चीच घ्या. नवी खुर्ची! दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

तेव्हापासून बाबा अंथरुणावर, भिंतीकडे तोंड करून. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, "यांना उठवा, बाहेर काढा. असेच पडून राहिले तर छाती भरेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

हे सगळं तिने पान्याला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "बाबांच्या खुर्चीला चाकं हवीत."

तोही मग थट्टा विसरला. "मला हातगाडीला हवीत. हत्यारं घालून गल्लोगल्ली फिरावं म्हणतो... चार चाकं आहेत. दोन तुमची, दोन माझी. उद्या येऊन बसवून देतो."

"बसवून नको. दाखवा. बसवीन मी."

"का? माझ्या हातावर भरवसा नाही?"

"टाके सुटतात," ती म्हणाली.

तो हसला. त्याचं हसू आधी डोळ्यांत यायचं आणि ओठांपर्यंत पोचायला वेळ लावायचं. घरी जाताना, दोन चाकं छातीशी धरून, ती त्या हसण्याचाच विचार करत होती, आणि घरात काय वाढून ठेवलंय ते ठाऊक असताना असं काही सुचावं याची तिला लाजही वाटली.

पण खरं सांगायचं तर हट्टामागे कारण होतं. आठ महिने ती नुसती उभी राहत आली होती. नोकरीच्या रांगेत, दवाखान्याच्या रांगेत, कुणाकुणाच्या दारात. अडला हरी गाढवाचे पाय धरी. तिने तर गाढवांची माळच पुजली होती. निदान एक गोष्ट तरी आपल्या हाताने नीट व्हावी, एवढंच तिला हवं होतं.

चाकं लगेच बसणार नव्हती. त्यांची भोकं मोठी, खुर्चीचा बोल्ट बारीक. मधली फट भरायला लोखंडी नळीचा तुकडा कापायचा होता, तोही अगदी मापात. "आधी हात बसू दे," पाना म्हणाला, आणि दुपारी दुपारी येऊन तिला घरातल्याच मोडक्या वस्तूंवर शिकवायला लागला. पहिल्या दिवशी नळ. दुसऱ्या दिवशी शेगडीची कळ. मग दाराची कडी, इस्त्रीची वायर, चपलेचा तळ. तिच्या घरात मोडक्या वस्तूंना तोटा नव्हता, आणि एवढ्या एका बाबतीत तिला गरिबीची तक्रार नव्हती.

नळ गळायचा थांबला त्या दुपारी ती मोरीपाशी उगाच उभी राहिली. पंधरा मिनिटं. थेंब पडला नाही. बाहेर सगळं जग सुटं होत चाललेलं, आणि हा एक नळ मात्र तिने बंद म्हटलं की बंद होता! तिला खुदकन हसू आलं.

"एवढं काय त्यात?" पान्याने विचारलं.

"तुम्हाला नाही कळायचं. तुमचे नळ पहिल्यापासून तुमचं ऐकतात."

तो सांगायचा फार थोडं. "नट आधी बोटांनी आट्यांवर चढवा. बोटांनी गेला नाही तर पान्याने दामटायचा नाही. आणि नट थांबला की आपणही थांबायचं. त्यापुढचा पाव फेरा लोभाचा असतो."

"आणि लोभ झाला तर?"

"मग आटे जातात. वरून घट्ट दिसतं, आत काही धरलेलं नसतं." हे म्हणताना तो तिच्याकडे पाहत होता. मग एकदम चाकाकडे पाहायला लागला.

हात पुसायला त्याच्याकडे एक फडकं होतं. काम झालं की तो आधी ते उलटंपालटं करून त्याचा एक कोरा कोपरा शोधायचा, तो तिच्यापुढे धरायचा, आणि उरलेल्या काळ्या भागाला आपले हात पुसायचा. रोज. तिने हे पहिल्याच दिवशी पाहिलं होतं, चेकरच ती. बोलली मात्र नाही. काही गोष्टींना बाण लावायचा नसतो.

नळीचे दोन तुकडे कापायला तिला दोन दुपारी लागल्या. तळहाताला फोड आले, एक फुटला. पाना समोर बसून नुसता चुळबुळ करत होता.

"द्या की. दोन मिनिटांचं काम आहे."

"हात मागे!"

"अहो, रक्त येतंय..."

"माझंच येतंय ना? तुमचं का तोंड वाकडं?"

त्याने फडक्याचा कोरा कोपरा तिच्यापुढे धरला. नळी बसली. वायसर, चाक, वायसर, नट, आणि तो सुटू नये म्हणून त्याच्यावर दुसरा नट. दोन्ही चाकं तिने स्वतः लावली. हात थरथरत होते, कारण तो इतका जवळ बसला होता की त्याचा श्वास तिच्या मनगटाला लागत होता. मग ती चहा टाकायला आत गेली. आणलेला चहा दोघांनी खुर्चीकडे बघत प्यायला.

संध्याकाळी दोघांनी मिळून बाबांना खुर्चीत बसवलं. तिने दारापर्यंत ढकललं. बाबांनी पुढच्या चाकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "गाडी डावीकडे ओढते आहे."

अकरा दिवसांतलं ते त्यांचं पहिलं वाक्य. ती मोरीत जाऊन रडली. बाहेर आली तेव्हा पाना कोपऱ्यात उभा होता, काहीतरी सांगायचं असल्यासारखा. "उद्या... उद्या सकाळी येतो मी. येईपर्यंत बाहेर नका नेऊ. एकदा डावं चाक बघू."

"बघाल हो," ती म्हणाली. तिला वाटलं, यायला निमित्त शोधतोय. तिला ते आवडलं.

पण दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबा म्हणाले, "बाहेर ने." इतक्या दिवसांनी माणूस काही मागतोय, त्याला थांबा कसं म्हणायचं? तिने नेलं. कोपऱ्यावरच्या उतारावर खट् असा बारीकसा आवाज झाला. डावं चाक सुटून तिच्या पुढे घरंगळत गेलं, खुर्ची कलंडली आणि बाबा तोंडावर पडले.

मनगटाचं हाड मोडलं. कपाळाला पाच टाके. दवाखान्यातून आणल्यावर त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं, आणि या वेळी ती भिंत त्यांनी सोडली नाही. दोनदा ताप येऊन गेला.

कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. चाक कुणी लावलं होतं, हे तिला माहीत होतं. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आपल्या हातचं काम एकदा तपासावं हे तिला सुचलं नव्हतं. का, तर शेजारी तो बसला होता आणि तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं! तिने खुर्ची उलटी करून कोपऱ्यात लोटली. हत्यारं पिशवीत बांधली. कडी पुन्हा सैल झाली तरी ती तशीच ठेवली.

पाना रोज यायचा. ती दारातूनच म्हणायची, "आता काही दुरुस्त करायचं नाही. माझ्या हाताला यश नाही." तो काहीतरी बोलायला तोंड उघडायचा... आणि मिटायचा. मग त्याचं येणं दिवसाआड झालं.

तीन आठवड्यांनी एका दुपारी तो आला तो उंबऱ्याबाहेरच थांबला. भुरभुर पाऊस होता. शर्ट भिजत होता, तरी तो छपराखाली येईना.

"मी चाललोय," तो म्हणाला. "उद्या सकाळच्या बसने. दुसऱ्या शहरात काम मिळालंय. हातगाडी नाही चालली. लोक यंत्रं दुरुस्त नाही करत आता, विकतात."

तिने दाराची सैल कडी उगाच खालीवर केली. म्हणाली मात्र, "बरं झालं."

"जायच्या आधी एक सांगायचंय. तो नट तुम्ही बरोबर लावला होता."

ती उंबऱ्यापर्यंत पुढे आली.

"तुम्ही चहा करायला आत गेलात ना... तेव्हा मी पाना लावला. डाव्या चाकाला. तुमचे हात थरथरत होते, म्हणून वाटलं, राहिलं असेल. राहिलं नव्हतं. नट जागेवर होता. मी तरी पाव फेरा दिला... आणि हाताला कळलं, आटे गेले. म्हटलं, सकाळी नवा बोल्ट आणून गुपचूप बदलीन. तोवर तुम्ही..."

"तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे मी या हातांनी बाबांना घास भरवतेय आणि दर घासाला वाटतंय, यांनीच पाडलं त्यांना. आणि तुम्हाला माहीत होतं?"

"रोज सांगायला यायचो."

"मग का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"कसली?"

"तुम्ही दार लावून घ्याल."

"का लावलात पाना? मी म्हटलं होतं ना, हात लावायचा नाही?"

तो खाली बघत होता. कपाळावरून पाणी ओघळत होतं. "तुमच्यावर जीव जडलाय माझा. तुम्ही पडू नये, तुमचं काही बिघडू नये, असं वाटतं... आणि त्या नादात मीच बिघडवलं."

तिने दार लावून घेतलं.

कडीला हात तसाच ठेवून ती उभी राहिली. राग तर एवढा आला होता की कडी मुठीत रुतत होती. आणि त्या रागाच्या तळाशी, तिला नको असतानाही, काहीतरी सुटं होत होतं. तिने तळहात उघडून पाहिले. फोडांचे डाग अजून होते.

अंथरुणातून बाबांचा आवाज आला, "काय म्हणाला तो?"

"ऐकलंत ना तुम्ही."

"ऐकलं." बाबा थोडा वेळ धापा टाकत राहिले. "म्हणजे तू नीट लावलं होतंस."

"हो."

"मग ती खुर्ची कोपऱ्यात उलटी काय करते आहे?"

ती तशीच पावसात भंगारवाल्या मावशीकडे गेली. मावशीने बोल्टांचा डबा पुढे सरकवला आणि नेमकी त्या वेळी एकही चेष्टा केली नाही. त्या डब्यातून तिने पंचवीस-तीस बोल्ट बघितले, तेव्हा कुठे आटे कोरे असलेला एक मिळाला. घरी येऊन जुना काढला. नवा बोटांनी लावला, मग पान्याने. नट थांबला, तीही थांबली. दुसरा नट लावला. आणि मग शर्ट तपासावा तशी तिने अख्खी खुर्ची तपासली: पाठ, हात, बैठक, मागची चाकं, पुढची चाकं. ठरल्या क्रमाने, दोनदा. शेजारी कुणी बसलं नव्हतं आणि हात अजिबात थरथरत नव्हते. आपण हे नीट केलंय, हे कुणी न सांगता तिला कळलं.

सकाळी बाबांना बसवताना ती म्हणाली, "बसस्टँडपर्यंत जायचंय. तोच उतार आहे. भीती वाटत असेल तर राहू दे."

"मी घाटात ट्रक चालवलाय," बाबा म्हणाले. प्लास्टरमधला हात मात्र त्यांनी पोटाशी घट्ट धरला.

उतार आला तेव्हा तिने डाव्या चाकावर नजर ठेवली. खुर्ची गडगडत उतरली. चाक राहिलं.

स्टँडवर बस सुरूच होती. पाना पायरीपाशी उभा होता, पायाशी एक ट्रंक. खुर्ची दिसली तसा तो धावत आला, चाकापाशी गुडघ्यावर बसला, आणि सवयीने त्याचा हात नटाकडे गेला. तिथे पोचायच्या आत थांबला. मग त्याने तो मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीशी धरले.

"बघू का?"

"बघा. नुसतं."

त्याने वाकून बघितलं, फार वेळ. बघायला तिथे एवढं काही नव्हतं. "बरोबर बसलंय," तो म्हणाला.

"ते मला माहीत आहे."

"मग एवढ्या लांब कशाला आलात?"

"भांडण अर्धं राहिलं होतं."

"अजून राग आहे?"

"खूप. महिनाभरात जाईल असा नाही तो." ती म्हणाली. "आणि... आणि तुम्ही नसलात तर काढू कुणावर?"

कंडक्टरने बेल मारली. बाबा समोर बघत म्हणाले, "बस सुटते आहे. काय ते एकदाचं बोलून घ्या. मी बहिरा आहे."

"नको जाऊ का?" पान्याने विचारलं. त्याने विचारलं आणि तिला कळलं, ती हो म्हणाली तर तो खरंच ट्रंक उचलून परत येईल. अकरा कुलपांच्या गल्लीत, चार दिवस, चार महिने. आणि मग तोही एक दिवस भिंतीकडे तोंड करून पडेल.

"जा," ती म्हणाली. "मला तुम्ही आवडता. भंगारातल्या त्या दिवसापासून आवडता. पण जा."

"चार महिन्यांनी सुट्टी मिळेल," तो घाईने म्हणाला. "आठवडाभर. तोवर जे जे मोडेल ते बाजूला ठेवा. मी आलो की..."

"काही ठेवणार नाही मी. मोडलं तर माझं मी करीन." तिचे डोळे भरून आले होते, तरी ती त्याच्याकडे सरळ बघत होती. "कामासाठी नका येऊ. नुसते या."

त्याने मान हलवली. बस हलली तशी त्याने धावत पायरी पकडली, आणि वळणापर्यंत तो दारातच उभा दिसत होता.

परतीच्या चढावर खुर्ची ढकलताना ती हुंदके देत होती. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. ते अजून बहिरेच होते.